हौदातली डावी बाजू

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. बाबांचे गुडघे सोडले तर. फोन करता आला असता, पण फोनवर मी नेहमीसारखं हवापाण्याचं बोलून ठेवून दिलं असतं. लिहितानाही एका जागी बसवत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठते, मशिनवरचे दोरे उगाच झटकते, खिडकी उघडते, बंद करते, परत येऊन बसते. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

तर, या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. हस, खुशाल हस. एकोणीस वर्षांत मी चार वेळा नाव दिलं आणि चारही वेळा काढून घेतलं. कधी कान दुखला, कधी सर्दी झाली, एकदा तर चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं की हौदाच्या पाण्याला वास येतो. बिचाऱ्यांनी दोनदा हौद घासून घेतला. बाप्तिस्मा झाल्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही, म्हणून भाकरीची थाळी आली की मी ती तशीच शेजारणीकडे सरकवते, आणि ती माझ्याकडे बघायचं टाळते. पाणी कमरेच्या वर जात नाही, मला ठाऊक आहे. पण मागे झुकवून क्षणभर पूर्ण पाण्याखाली नेतात ना, त्या क्षणाच्या नुसत्या विचारानं मी नाव काढून घेते.

गंमत म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे पांढरे झगे मीच शिवते. पाण्यात झगा फुगून वर येऊ नये म्हणून खालच्या काठात शिशाचे चपटे तुकडे घालते, जड पडद्यांना घालतात तसे. एका झग्याला आठ. डोळे मिटून करावं इतकं सवयीचं काम. मंगळवारी माझा स्वतःचा झगा शिवून खिडकीत टांगला, तर तो वाऱ्यावर उडायलाच लागला. काठ चाचपून पाहिला. एकही तुकडा नाही! आठही डबीत तसेच पडलेले. इतकी वर्षं झगे शिवणाऱ्या बाईची ही तऱ्हा. झगा फुगेल आणि मला वरच्या वर धरून ठेवेल, असं माझ्या हातांनी मला न विचारता ठरवलं असणार. आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

तिथेच मशिनपाशी गुडघे टेकले. इतकी वर्षं माझी एकच प्रार्थना होती, प्रभू, ही भीती काढून घे. त्यानं ती काढली नाही, म्हणून खरं सांगायचं तर मी मनातून त्याच्यावर रुसून होते. त्या दिवशी दमून म्हटलं, नको काढूस, पण पाण्यात माझ्याबरोबर उतर. डोळे मिटले, आणि लहानपणचं दगडाच्या खाणीतलं ते तळं समोर आलं. इतकी वर्षं त्याच्याकडे पाठ करून राहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता बघायला हरकत नाही, कोणीतरी सोबत आहे.

मी आठ वर्षांची, तू तेरा. हात सोडायचा नाही, असं तू तीनदा बजावलं होतंस. हात सुटून मी बुडायला लागले तेव्हा केसांना धरून तूच मला बाहेर काढलंस, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. बाबा धावत आले आणि ओरडले, कोणी सोडला हात? मी खोकत खोकत म्हणाले, दादानं. तेव्हापासून घरात तुझं नाव हातसोड्या. महिन्याभरात तुझी काकांकडे रवानगी झाली, आणि तू पाहुण्यासारखा येऊन जाणाराच झालास. मंडळीची पायरी तर तू त्यानंतर चढलाच नाहीस.

दादा, तू हात सोडला नव्हतास. मीच झटकला. तुझ्यासारखं एकटीनं पोहून दाखवायचं होतं मला. बाबांचा मार चुकवायला एक शब्द बोलले आणि तो तू पस्तीस वर्षं वागवलास. तू का नाही बोललास रे? की सगळे म्हणतात म्हणून तुलाही वाटायला लागलं, तूच सोडलास? हा प्रश्न मला धड जेवू देत नाही.

काल दुपारी बाबांना सांगितलं. मनात नुसतं प्रभू, प्रभू चाललं होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मग म्हणाले, त्याला ड्युटीवरून सुट्टी मिळेल का?

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. आमच्याकडे हौदात उजव्या बाजूला पाळकसाहेब उभे राहतात आणि डावा हात आपल्या माणसानं धरायचा असतो. मी तुझं नाव दिलंय. रविवारी सकाळी दहाला. बस दुसऱ्या कोणाला तरी चालवू दे. तू रागावून नाही आलास तरी मी उतरणार आहे, भीतीसकट, कारण उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंच्या पलीकडे जो उभा आहे त्याला मी शब्द दिलाय. शिशाचे आठही तुकडे काल शिवून टाकले. पाण्यात उतरणाऱ्या दुसऱ्या माणसालाही झगा लागतो, तोही तयार आहे. तुझं माप माझ्याकडे कुठलं? म्हणून बाबांना उभं केलं आणि त्यांच्या अंगावर टेप धरला. खांद्यापाशी आले तेव्हा म्हणाले, दोन बोटं वाढव, त्याचे खांदे माझ्याहून रुंद असतील.

हात झटकणारी, तरी तुझीच,
धाकटी