दाराजवळचा बाक

बाई, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही जिवंत होतात तेव्हा आमच्याबद्दल कधी चांगलं बोलला नाहीत, मग मी आता जीभ का आवरू?

रत्नागिरीत रेल्वे नुकती आली होती, मी आठवीत गेले होते आणि तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका झालात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही नाकाला पदर लावलात आणि मला म्हणालात, "अगो, तू दाराजवळच्या बाकावर बस. तिथे वारा लागतो." सगळा वर्ग खी खी हसला. त्या बाकावर मी एकटी. तिरका पाऊस आला की वही भिजायची, फळा अर्धाच दिसायचा, आणि हात वर केला तरी तुमची नजर माझ्यापर्यंत यायची नाही. घरी मी साबणाने हात इतके घासायचे की आई ओरडायची, "कातडी काढतंस काय गो?" आणि बाई, तुम्ही काही शाकाहारी नव्हतात! सोमवार, गुरुवार, शनिवार सोडले तर तुमच्याकडे मासे शिजायचे, आणि ते माझ्या आईच्याच पाटीतले असायचे. तिची सुरमई तुम्हाला चालायची, तिची मुलगी चालत नव्हती.

गणपतीची सुट्टी संपली तशी मी दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि आईला सांगितलं, शाळेत जाणार नाही, तुझ्याबरोबर बाजारात बसेन. आईने आधी एक धपाटा घातला, मग कारण विचारलं. आमच्या घरात दहावी कुणी बघितली नव्हती. मी ती बघावी हा तिचा एकच हट्ट. दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून ती शाळेत आली. तुम्ही तिला व्हरांड्यातच उभी ठेवलीत. "तिच्या भल्यासाठीच गो, तिथे वारा लागतो," म्हणालात, आणि वर निर्लज्जपणे विचारलंत, "रविवारी सुरमई असेल ना?" आई "बघू" एवढंच बोलली. तिथून ती घरी न येता आधी बाजारातल्या बायकांपाशी जाऊन बसली.

भवानी म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं तर लक्ष्मी रुसते, असं आमच्या बायका मानतात. पडत्या भावात देतील, पण पहिली पिशवी रिकामी जाऊ देणार नाहीत. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात. मी आईच्या मागे बसलेय. पाटीत सुरमई चकाकतेय. तुम्ही पिशवी पुढे करता आणि आई ओलं फडकं पाटीवर ओढते. "नाय बाय. तुमच्यासाठी नाय."

"अगो, भवानी करतेय मी!"

"ऱ्हावू दे. आज भवानी नाय झाली तरी चालंल."

फडक्याची टोकं तिने पाटीखाली घट्ट खोचली. मी बघत होते ना! तुम्ही शेजारणीकडे वळलात, तर तिनेही फडकं ओढलं. मग तिच्या पलीकडचीने. बघता बघता अख्खी ओळ झाकली गेली. टोकाची म्हातारी तर म्हणाली, "तिकडं दाराशी जाऊन उभी ऱ्हा बाय, वारा लागंल." अशा हसल्या सगळ्या! तुमचं ते लालबुंद तोंड आठवलं की मला अजून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

बुधवारी तेच, शुक्रवारीही तेच. पुढच्या रविवारी तुम्ही आलात ते पिशवी काखेत दाबूनच. "उद्या पाठव तिला. पुढे बसवते." सोमवारी मी दुसऱ्या बाकावर बसले. माफी नाही, काही नाही. जणू बाक आपल्या पायांनी चालत पुढे आला होता. आणि बुधवारी आईने तुम्हाला नेहमीच्याच भावात सुरमई दिली! मी भडकलेच. आधी माफी मागायला लाव म्हटलं. तर म्हणते कशी, "माफी काय चुलीत घालायची हाय? बाक मिळाला ना? बस आणि शिक."

शिकले. दहावी झाले, पुढेही शिकले, आता हातखंब्याला बँकेत आहे. तुम्ही गेलात तेव्हा आई तुमच्या घरी जाऊन आली, डोळे पुसत परत आली. मी गेले नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. तिने तुम्हाला माफ केलं असेल, तिचं काळीज मोठं. माझं नाही. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी त्यावर तिकीट चिकटवलं नसतं.

मग लिहायला बसले कशाला? परवा लेकीच्या शाळेत पालकसभा होती. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथल्या बाई हात करून बोलावतही होत्या. तरी मी दाराजवळचीच धरली. घरी येताना लेक म्हणाली, "आई, कुठेही गेलीस तरी तू दाराशीच का बसतेस गं?"

आणि मी तिला काय सांगितलं माहीत आहे, बाई? म्हटलं, तिथे वारा लागतो.