खंडेनवमीची साफसफाई

सांगली, १६ ऑक्टोबर १९९७

प्रिय सुमंत,

अनेक आशीर्वाद. पाठीची कळ कमी झाली का? साताऱ्यात पहाटेचा गारठा सुरू झाला असेल, कानटोपी घालत जा. (दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यालाही कान असतात.) इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

आमच्या द्राक्ष बागायतदार संघात यंदा मोठा सर्व्हर आला. सगळ्या शाखांची पत्रं त्यात असतात. एखादा शब्द टाकला की तो असलेली सगळी पत्रं समोर येतात. खंडेनवमीला त्याचीही पूजा ठरली. आमचे शिपाई दादासो (दोन वर्षांत निवृत्त होतील) झेंडू, हळदकुंकू, नारळ घेऊन येणार, म्हणून मी आधी यंत्र पुसून घेतलं. पूजेचं भांडं आपण आतूनही घासतो, तेव्हा आतही डोकावले. एका फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली होत्या. उघडल्या तर चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. मला तो केर वाटला. काढून टाकला. (आईच्या हाताखाली वाढलेय, केर घरात ठेवून दिवा लावत नाही.)

सोमवारी कुणी 'तासगाव' शोधलं, तर एकही पत्र येईना. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, पत्रं जागेवर आहेत, पण कुठला शब्द कुठल्या पत्रात आहे याची यादी, म्हणजे इंडेक्स, गेली आहे. तिच्या फाइली कुठे होत्या तेवढं शोधा, नवी करून देतो. तेव्हापासून सगळी कचेरी ती जागा शोधते आहे. मीही शोधते आहे, चष्मा लावून. जागा मला ठाऊक आहे. पण सांगितली, तर कशी ठाऊक तेही सांगावं लागेल.

तोवर साहेबांनी ठरवून टाकलं, की नारळाचं पाणी आत गेलं. दादासोंची बदली म्हसवड शाखेला. (त्यांच्या बायकोचं औषधपाणी इथे सांगलीतल्या दवाखान्यात चालू आहे.) ते भांडलेही नाहीत, नारळ मीच फोडला म्हणाले. त्यानंतर त्यांनी रोजच्यासारखा माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि तो मी प्यायले. सुमंत, मुलींना मी खरं बोलायला शिकवते रे.

तुझी,
उमाताई

ता. क. खरं काम असं. तू आमच्या कचेरीत फोन कर आणि सांग, अशा सर्व्हरांत इंडेक्स बहुधा 'डी' ड्राइव्हवरच्या तिसऱ्या फोल्डरमध्ये असतो. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट पुन्हा फोडून लिहिते आहे. चिकटवलं आणि टपाल न्यायला दादासोच समोर उभे राहिले. हे पत्र त्यांच्या हातात देववेना. त्यांना सगळं सांगितलं, मग साहेबांना. बदली रद्द झाली, मला मेमो मिळाला, तो बरा वाटला. मला वाटलं, दादासो सुटल्यासारखे हसतील. पण ते म्हणाले, "आवं ताई, चार दीस झालं, नारळ चुकला म्हणून सिद्धनाथ देवाची माफी मागतोय मी. ती आता म्हागारी कशी घिऊ?"

तुला उत्तर सुचलं तर लगेच कळव.