कवटीगडची कत्तल

३ मार्च, सकाळ
आजपासून लेखन गंभीरपणे. बालसाहित्यात सगळं गुळमुळीत चाललंय. ससा रुसतो, ससा हसतो. मुलांना रक्त हवं! माझ्या 'कवटीगडची कत्तल'मध्ये पहिल्याच पानावर डझनभर मुंडकी उडतात. बायको म्हणाली, आधी मोरीतलं झुरळ मार. कलेची जाण नाही. (झुरळ बरंच मोठं होतं.)

९ मार्च
नोकरी दातांच्या कवळ्या बनवण्याची. पोटासाठी. पण तिथेच सुचलं, राक्षसाला दातांच्या तीन रांगा! त्या नादात एका निवृत्त मास्तरांच्या कवळीचे सुळे जरा लांब झाले. मास्तर हसले आणि त्यांची नात किंचाळत पळाली म्हणे. मालक माझ्यावर उखडले. मी मात्र खूश. शैली लागू पडतेय.

१६ मार्च
संपादकबाईंकडे. त्या हस्तलिखित वाचतच नाहीत. सतरंजीवर मुलं बसवतात, लेखकाने वाचायचं, बाई मुलांची तोंडं बघणार. एक तरी मूल दचकून शेजारच्याला बिलगलं, तरच पुस्तक छापणार. माझी आधीची दोन पुस्तकं याच सतरंजीवर आपटली. बाई म्हणाल्या, ही शेवटची संधी. मी म्हणालो, मुलांच्या आयांना बोलावून ठेवा.

२० मार्च
लेकीसमोर तालीम. वय नऊ. सेनापतीची आतडी ओढून काढतात तो भाग वाचला. पोरगी पायांत मोजे घालून पांघरुणात थरथरत होती. यश! बायको म्हणते, हसत होती. नंतर लेकीने विचारलं, आतडी एवढी लांब आहेत तर राक्षस दोरीच्या उड्या का मारत नाही? घेतलं. प्रकरण सहा.

२४ मार्च
लेकीचं मत : सैनिक मेले काय नि राहिले काय, त्यांना ओळखतं कोण? चिमीला मार. चिमी माझी नायिका. पुढचा दात पडलेला, झोपताना मोजे घालते. निव्वळ कल्पनेतून सुचली. सूचना मान्य. उद्या मारतो.

२५ मार्च
चिमी राहिली. पेनातली शाई संपत आली होती. उरलेल्या शाईत घोडदळ कापून काढलं.

२६ मार्च
चिमीला उकळत्या तेलात टाकलं. तेल कोमट निघालं. एवढी मोठी कढई तापायला वेळ लागतोच, वास्तववाद म्हणून काही आहे की नाही? शेवटचं पान कोरं ठेवलंय. ऐनवेळी सुचेल. कसलेले लेखक असंच करतात.

२८ मार्च, दुपार
वाचन झालं. मुंडकी उडाली, मुलं खिदळली. डोळे फोडले, एकाने खाऊचा डबा उघडला. मग राक्षसाने चिमीची मान धरली, कुऱ्हाड उचलली आणि माझा आवाजच गेला. एसी फार होता. डोळ्यांतून पाणीही एसीमुळेच. पहिल्या रांगेतल्या एकीने रुमाल दिला.

सतरंजीवर बसलेली लेक उठून माझ्या शेजारी आली. कोरं पान हातात घेऊन म्हणाली की कुऱ्हाड बसली. चिमीचे फक्त मोजे उरले. तिचे बाबा ते रोज धुतात, वाळत घालतात आणि घडी करून तिच्या उशाशी ठेवतात. संपलं.

एकच जण दचकून शेजारच्याला बिलगला. तो मी.

३१ मार्च
बाईंचा फोन. पुस्तक छापणार नाहीत. लेखकच बिलगला तर ते धरत नाहीत. पण हल्ली मुलं घाबरेनाशी झालीत, तेव्हा खरोखर घाबरणारं कुणीतरी त्यांना सतरंजीवर कायमचं हवंय. दर शनिवारी, पहिल्या रांगेत, इतरांची पुस्तकं ऐकायला. विचार करून कळवतो म्हणालो आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं. साहित्यक्षेत्रात शिरकाव असाच होतो.

लेकीलाही नेणार आहे. अगदी माझ्या शेजारी बसवणार. तिला सोबत हवी.