पोत्याच्या जागी

ती. आई,

पाया पडतो. मी मजेत आहे. दादाचा गुडघा कसा आहे? त्याला शिडीवर चढू देऊ नकोस.

आमचं नवं लष्करी विमान छोटं आहे, पण झकास उडतं. त्यात सैनिकांच्या आसनांना पट्टे मी बसवतो. चाचणीच्या वेळी त्या आसनांवर वाळूची पोती बांधतात. आम्ही खडूनं त्यांना डोळे, मिशा काढतो. एका ढेरपोट्या पोत्याला तर आम्ही भाऊजी म्हणतो. ताईला सांगू नकोस!

परवा विमान जरा जोरात उतरलं. भाऊजींसकट सगळी पोती फुटली. पट्टे मात्र जागचे हलले नाहीत. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "पोती काही बोलत नाहीत. आता माणसं बसवू." इथली रीतच आहे, ज्यानं पट्टा बसवला त्यानंच आधी बसायचं.

म्हणून सोमवारी मी उडणार. वैमानिक मुरलेला आहे, काळजी करू नकोस. तू विणलेला स्वेटर घालीन.

तू म्हणतेस ते खरं, मी वाळलोय. पोत्यापेक्षा वजनात कमी भरलो, म्हणून मांडीवर वाळूची पिशवी देणार आहेत. झाडून गोळा केलेलीच वाळू आहे ती, भाऊजींची.

तुझा,
धाकटा