शनिवारचा फळा

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

मी गेलोच नसतो. मुख्याध्यापक रणधीर सरांनी व्हरांड्यातूनच हाक मारली, "अमरसिंह, तूही बस. वसतिगृह काय शाळेच्या बाहेर आहे का?"

तसं बाहेरच आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं इथं जेवतात, झोपतात, संध्याकाळी मी त्यांचा अभ्यास घेतो. हंगामापुरती नेमणूक. डी.एड. अर्धवट सोडलेला माणूस गुरुजी लोकांच्या रांगेत कुठं बसणार — मागच्या बाकावर बसलो.

कल्पना तहरीम मॅडमची. त्या उर्दू शाळेच्या, रोज तुळजापूरहून येतात. दोन्ही शाळांना मैदान एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. पण इकडचा शिक्षक कधी तिकडच्या वर्गात गेलेला नाही. मॅडम म्हणाल्या, दर शनिवारी एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मुलांच्या मागं बसायचं. शिकवणाऱ्याकडं बघायचं नाही, एकेका मुलाकडं बघायचं. मुलं गेली की शिकवणाऱ्यानं आपणच फळ्यावर लिहायचं — काय पोहोचलं नाही, कुणाला पोहोचलं नाही. मग बाकीच्यांनी बोलायचं.

लिंबाजी गुरुजी मराठी शाळेचे, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "मॅडम, वर्गात सासू यिऊन बसल्यावानी वाटंल की."

"मग पहिली सून मी होते, गुरुजी."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझी पाळी कधी येईल ते मोजत होतो.

७ डिसेंबर, शनिवार

मॅडमचा पाठ. चौथी, हातच्याची वजाबाकी. मी अक्रम नावाच्या मुलामागं बसलो. बावन्नातून सत्तावीस. त्यानं उत्तर काढलं पस्तीस. दोनातून सात जाईनात, म्हणून सातातून दोन काढले. क्षणभरही अडला नाही! मी असतो तर चुकीची खूण करून पुढं गेलो असतो. तो काय करतो हे मी कधी बघितलंच नसतं.

मुलं गेल्यावर मॅडमनी फळ्यावर लिहिलं, "अक्रमला हातचा मी समजावू शकले नाही." खाली आणखी काही नावं. सगळं मराठीत, आम्हाला वाचता यावं म्हणून.

गुरुजी म्हणाले, "तुमची पोरं उजवीकडनं वाचत येत्यात आन् आकड्यापाशी आली की दचकत्यात. तिथं बोट ठिवाया लावा." मॅडमनी तेही फळ्यावर घेतलं. घरी जाताना गुरुजी शीळ घालत होते.

१० डिसेंबर

राजनंदिनीचंही तेच. चौथीतली, आई-बाप कारखान्यावर. तीही सातातून दोन काढते. दोन महिने मी तिला नुसतं "परत कर" म्हणत होतो.

संध्याकाळी काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून दिले. म्हटलं, बावन्नातल्या सत्तावीस मला दे. दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली. मी काही बोललो नाही. (फार अवघड गेलं.) मग म्हणाली, "सर, मोळी सोडल्याबिगर कसं देनार?"

सोड म्हटलं. तिनं मोळी सोडली.

१२ डिसेंबर

तिच्या वडिलांचा फोन. "जमत नसंल तर सांगा मास्तर, घिऊन येतो. आमच्या पाचटाच्या कोपीवर धाकटं हाय, त्याला तरी सांभाळंल."

"जमतंय," म्हटलं. पहिल्यांदा खोटं न बोलता म्हटलं.

१४ डिसेंबर, शनिवार

गुरुजींचा पाठ. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, पहिल्या दोन बाकांपलीकडं तुमची नजर गेलीच नाही." गुरुजींचा चेहरा उतरला. इतकी वर्षं शिकवलेला माणूस! मला वाटलं, संपलं, आता पुढचा शनिवार नाही. त्यांनी खडू उचलला आणि तेच वाक्य स्वतः लिहिलं.

२१ डिसेंबर, शनिवार

मॅडमनी आज तिन्हीकडचं एकत्र लिहिलं — मराठी, उर्दू, वसतिगृह. कोण कुठं अडलंय, कोणाकडून काय शिकायचं. मोळीची गोष्ट मी सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, ही मी सोमवारी माझ्या वर्गात घेते." मला सर फक्त त्या म्हणतात.

रणधीर सर खुशीत होते. "फोटो काढ रे, ग्रुपवर टाकू. फळा नीट येऊ दे. आपण नुसता चहा पीत नाही, हे गटशिक्षणाधिकारी साहेबांना कळू दे." फळ्यावर ऊन चमकत होतं. मी खिडकी लावून घेतली, सदऱ्यानं लेन्स पुसली, बाकावर चढलो. चार फोटो काढले, त्यातला सगळ्यात स्पष्ट निवडला.

२४ डिसेंबर

साहेबांनी फोटो मोठा करून वाचला. एक-एक नाव. फोन स्पीकरवर होता. "चौथीच्या पोरांना वजाबाकी येत नाही, आणि तुम्ही त्याचा फोटो टाकता? हे अक्षर कुणाचं आहे?"

रणधीर सरांनी नाव सांगितलं. ते म्हणू शकले असते — सगळ्यांचं आहे. गुरुजी पलीकडच्याच खुर्चीवर होते. त्यांच्या वर्गातली नावंही त्यात होती. ते बोलले नाहीत. माझ्या मुलांचीही होती.

मीही नाही बोललो.

मॅडमनी उर्दूत लिहिलं असतं तर साहेबांना वाचता आलं नसतं. आमच्यासाठी मराठीत लिहिलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

मॅडमना कामगिरीवर दुसऱ्या शाळेत पाठवलं. तुळजापूरहून दोन एस.टी. बदलून जावं लागणार. ग्रुपमधूनही काढलं.

त्या कपाटातलं सामान पिशवीत भरत होत्या. मी दारात उभा. "मॅडम, फोटो मी काढला होता."

"माहीत आहे. चांगला आला होता, सर."

रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जुडगे बांधायचे रबर तेवढे मला दिले.

११ जानेवारी, शनिवार

शनिवार बंद झाला नाही. साहेब म्हणे, "उपक्रम चांगला आहे, फक्त सकारात्मक ठेवा." आता त्याचं नाव आदर्श पाठ. शुक्रवारी तालीम, शनिवारी पाठ. कोण हात वर करणार ते ठरलेलं. फळ्यावर आधीच लिहिलेलं — सर्वांना समजले. फोटो मीच काढतो.

१८ जानेवारी, शनिवार

साहेब येणार होते. रणधीर सर हळूच म्हणाले, "कच्ची पोरं तेवढी मारुतीच्या पाराकडं ने. खेळव जरा." त्यांनी यादी तोंडीच सांगितली. राजनंदिनी त्यात होती. सर, तिला येतंय आता, म्हटलं. "साहेबांपुढं अडली तर? कशाला उगाच."

नेलं.

मुलं खेळली नाहीत, पाराच्या कडेनं बसून राहिली. अक्रमही होता. राजनंदिनी एकेकाकडं बघत होती. मग मला विचारलं, "सर, ज्यांना येत न्हाय त्यांनाच आनलं व्हय?"

मी म्हटलं, नाही गं.

"मग मला येतंय की."

शाळेतून टाळ्या ऐकू आल्या.

२२ जानेवारी

वडील आले, एका दिवसाची सुट्टी काढून. मी फोन केला नव्हता. तिनं स्वतः केला, स्वयंपाकाच्या मावशींच्या फोनवरून. "तीच म्हनली, मला काय जमत न्हाय, न्या मला." मी सांगत होतो, जमतंय, खरंच जमतंय. ते म्हणाले, "मास्तर, तुमी मागंबी असंच म्हनला हुता."

ती वर न बघता गेली. रबर लावलेल्या काड्या खिडकीत नीट ठेवून गेली.

२५ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

माझी पाळी. रणधीर सर म्हणाले होते, "येतं तेवढंच घे."

मी कुणालाही बाहेर नेलं नाही. पाठ वाईट झाला. दोनदा चुकलो. गुरुजी मागं बसले होते, कुणाकडं बघत होते कळलं नाही.

मुलं गेल्यावर "सर्वांना समजले" पुसलं. लिहिलं — "राजनंदिनीला हातचा येत होता. तिला वर्गाबाहेर मी नेलं." खाली अडलेल्या सगळ्यांची नावं, आणि माझं पूर्ण नाव. सगळे माझ्याकडं बघत होते, कुणी थांबवलं नाही. खिडकी लावली. लेन्स पुसली. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

अक्षर स्पष्ट आलंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्रुपमधून काढलं. नेमणूकही संपली, सरांनी फोनवर सांगितलं. "वेडा आहेस," म्हणाले, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

दुपारी लिंबाजी गुरुजींकडून एक फोटो आला. त्यांच्या वर्गाचा फळा. वाकडा, अर्धा अंधारात, कडेला त्यांचाच अंगठा. दुसऱ्या बाकामागच्या मुलांची नावं तेवढी वाचता येतात. तोच फोटो तहरीम मॅडमनाही पाठवलाय, असं कळवलंय. खाली एक ओळ:

"शनिवारी कुठं बसायचं?"