आईच्या बाजूचं दार

अण्णा,

गाडीचं पुढचं डावं दार आता एका बोटानं लागतं. आधी हेच सांगते, बाकीचं मागाहून. तुमच्या दवाखान्याची ती मोतिया रंगाची गाडी तुमच्यामागे लातूरला माझ्या अंगणात आली आणि मी ती विकली नाही. प्लग, पंख्याचा पट्टा, ब्रेकचे लायनर, सगळं माझ्या हातानं केलं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर तर दुपारचा वेळ तिचाच. पण ते दार पार लोंबलं होतं. हातानं उचलून आदळल्याशिवाय लागत नसे, आणि लागलं तरी भरवसा नसे. त्यात आई हट्टाला पेटली. "माहूरला जाईन तर ह्याच गाडीत. न्हाईतर न्हाई." तिचं वय बघता पुढच्या वर्षी जाऊ म्हणायची सोय नव्हती, आणि वाटेत उघडेल अशा दाराशेजारी तिला बसवणं मला मान्य नव्हतं.

दार आपटलेलं तुम्हाला खपत नसे. मी नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला आलेय, कशावरून तरी चिडून गाडीचं दार आपटते, आणि तुम्ही पेशंट सोडून बाहेर येता. "दारावर कशाला राग काढतेस? लागत नसेल तर बिजागरी बघावी." एवढंच बोलता आणि पाना हातात देता. बीएस्सीला पहिला वर्ग मिळाला तेव्हाही तुम्ही मला पान्यांचा संचच आणला होता. आई म्हणाली होती, "पोरीला सोनं द्यावं का लोखंड?" सोनं नंतर माझं मी घेतलं. वापरते लोखंडच.

इतकं शिकवूनही ह्या वेळी मी बिजागरी बघितली नाही. दार खाली आलंय, तर चौकटीवरचा खटकाच खाली घेऊ, असा शहाणपणा केला. शाळेत वेळापत्रक जमेना की मी घंटेची वेळ हलवत असे, तसलाच प्रकार. दार लागलं. मोठ्या तोऱ्यात आईला बसवून पाहिलं, आणि मग ते उघडेचना. ओढलं, ढकललं, काही नाही. दुसऱ्या बाजूनं सरकत यायला तिचे गुडघे तयार नव्हते. गल्ली गोळा झाली. शेजारीण खिडकीत वाकून म्हणाली, "काकू, चहा आणू का आत?"

"आण. आन् आमच्या मोठ्या बाईलाबी दे. लई शिकलेली हाय, थकली असंल."

मला काही सुचेना, म्हणून सवयीनं ओरडले, "सगळ्यांनी मागं व्हा, रांगेत उभे राहा." आणि ते राहिले, अण्णा. खरंच रांगेत राहिले.

मग दाराखाली जॅक लावला, मधे सतरंजीची घडी घातली, आणि हळूहळू उचललं. खटका सुटला. आई कप हातात घेऊन राणीसारखी उतरली. उचलल्यावर उघडतं म्हणजे दुखणं बिजागरीतच. पिन एका बाजूनं झिजून काडी झाली होती. हेच दार का, ह्याचा विचार करत मी तिथंच जमिनीवर बसले, आणि आपल्या हदगावचा बाजार आठवला. तुम्ही लिंबाखाली गाडी लावता. दवाखान्यात यायला घाबरणारी माणसं पुढच्या डाव्या सीटवर बसतात, पाय बाहेर सोडून. तुम्ही छाती तपासता, जीभ बघता, दटावता, आणि म्हणता, "हं, उठा आता." म्हाताऱ्या, पोटुशी बाया, किनवटच्या बाजूनं आलेले तापकरी, जो तो त्या उघड्या दाराला लटकून उठतो. सगळा तालुका त्या दाराला धरून उभा राहिला, मग बिजागरी झिजणार नाही तर काय! आईला सांगितलं तर म्हणाली, "हाव. मीबी तसंच उठते की."

लेथवाल्यानं पिन हातात घेऊन सुचवलं, "बाई, दुसऱ्या गाडीचं दारच टाका की आख्खं."

"पिन करा," मी म्हटलं. त्यानं केली. मग जॅकवर दार, बोल्ट ढिले, फट बघायची, बोल्ट आवळायचे, पुन्हा ढिले. खटका मूळ जागी नेला. संध्याकाळी दार लागलं तसं मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारणीनं काळजीनं डोकावून पाहिलं.

माहूरला गेलो. आई वाटभर खिडकीतून हदगावची, घाटाची सगळी ओळखीची वळणं मला सांगत होती. पायऱ्यांशी उतरून तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, "डोली करू?"

"नको. इथूनच हात जोडते. मला गाडीत बसायचं हुतं, ते झालं." हात जोडले आणि परत गाडीत बसली. दार स्वतः ओढून घेतलं, मला हात लावू दिला नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. आज सकाळी आईला सांगितलं की मागचं उजवं दारही लोंबायला लागलंय, दुपारभर मला हाक मारू नकोस. ते दार आता अंगणात सतरंजीवर उतरवून ठेवलंय, बोल्ट वाटीत आहेत. त्याला काहीही झालेलं नाही.