रविवारची दोरी

ग्लासगो, सोमवार

प्रिय आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

काल मात्र चूक झाली. इस्पितळातल्या पाळ्यांमुळे वार विसरले आणि रविवारी धुणं वाळत घातलं! आपल्या बेटावर दुसरा चिमटा लावायच्या आत पेगीकाकू कुंपणापाशी ओरडली असती, "अगं, सातवा दिवस देवाचा, तुझ्या परकरांचा नव्हे!" इथली शेजारीण नुसती म्हणाली, "ऊन छान पडलंय, नाही?"

मी खिडकीशी बसून राहिले. कोणीच रागावलं नाही. शेवटी ओलेच कपडे काढून आणले.

बाबांचा खोकला कसा आहे? जेवणानंतर बायबलचा अध्याय अजून तेच वाचतात ना?

पेगीकाकूला हे सगळं सांग. ती काय काय बोलते, ते शब्दन् शब्द लिहून पाठव.

तुझीच,
शोनाग